रॉक टूरचे पास, सेटलिस्ट, प्रेस किट: पुण्याच्या हवेत टिकवायचे कसे?

गॅफरटेप | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:१२

रॉक बँडच्या टूरची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी शेवटी उरतं काय? लोकांना वाटतं सहीची गिटार वगैरे. उरतो तो कागद आणि प्लास्टिक. गळ्यात अडकवायचे प्लास्टिकबंद पास म्हणजे लॅमिनेट, छातीवर चिकटवायचे साटीनचे पास, डे शीट (त्या दिवसाचं वेळापत्रक), टूरची आयटिनरी (प्रवास आणि मुक्कामाची पुस्तिका), हॉटेलवर आलेले फॅक्स, पत्रकारांची यादी, आठ बाय दहा इंची ग्लॉसी फोटो, ३५ मिमी स्लाइड, कात्रणांची वही, स्टेजवरून उचललेली सेटलिस्ट (त्या रात्रीच्या गाण्यांची यादी), पत्रकार परिषदेच्या कॅसेट, क्रूचा टी-शर्ट. यातलं काहीच टिकायला म्हणून बनवलेलं नाही. साटीनचा पास एका रात्रीपुरता असतो आणि आपण त्याला तीस पावसाळे काढायला लावतो.

असा ढीग हाती आला की आपल्याकडे हमखास दोन गोष्टी होतात. सगळं पारदर्शक पाकिटांच्या फाइलमध्ये भरलं जातं, आणि जे फारच जीर्ण दिसतं ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं जातं. दोन्ही चूक. त्यातही लॅमिनेशन म्हणजे परतीचा रस्ता बंद. गरम रोलरखाली वितळलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत मुरतो, तो पुन्हा निघत नाही.

पाकिटांचं असं आहे की मऊ, लवचिक आणि नव्या रेनकोटसारखा वास मारणारं पाकीट पीव्हीसीचं असतं. मऊपणासाठी त्यात घातलेलं प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं. मग झेरॉक्सची अक्षरं पाकिटाला चिकटून उलटी उमटतात, फोटो ओला दिसायला लागतो, थर्मल कागद (उष्णतेने अक्षरं उमटणारा, फॅक्सचा) पांढरा पडतो. घ्यायची ती पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटं. दुकानदार सगळ्यालाच ‘पीपी’ म्हणतो, त्यामुळे घरी तपासा. पाकिटाचा नखाएवढा तुकडा कापा, वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाका, तुकडा बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका. तरंगला तर पीव्हीसी नाही, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथीन. बुडाला आणि मऊ असेल तर पीव्हीसी. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते ताठ असतं, हाताळताना कडकड वाजतं आणि त्याला वास नसतो.

कामाचा क्रम माझ्या मते असा: आधी थर्मल कागद, मग कॅसेट, मग पीव्हीसीत अडकलेलं सगळं, मग फोटो. कात्रणं आणि टी-शर्ट शेवटी. ते कुठे पळून जात नाहीत.

प्रत्येकाने आपापल्या विषयावर भर घालावी.

फिकट_फॅक्स | ११ ऑक्टोबर, दुपारी १:०५

थर्मल पहिल्या नंबरला ठेवलंत ते योग्यच. नव्वदच्या दशकात टूरचे बदल फॅक्सवरच यायचे: विमानाची वेळ, मुलाखतींचे स्लॉट, पाहुण्यांच्या यादीतली वाढीव नावं. बऱ्याच फॅक्सना गुंडाळीचा चकचकीत थर्मल कागद असायचा. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपातलं रंगद्रव्य उष्णतेने काळं होतं आणि तीच अक्षरं. उष्णता, उजेड, तेलकट प्लास्टिक यांपैकी कशानेही खेळ बिघडतो. आजकाल बॉक्स ऑफिसवर छापून मिळणारी तिकिटंही पुष्कळदा याच जातीची असतात.

ओळखायचं असेल तर छापील बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात नखाने जोरात ओढा. राखाडी-काळी रेघ उठली की थर्मल. अशा कागदाचं लॅमिनेशन केलं तर अख्खा कागद काळा होतो आणि ती चूक दुरुस्त करता येत नाही. सॅनिटायझरचा थेंब पडला तरी तिथे डाग उठतो.

करायचं एवढंच: स्कॅनरवर ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. काळं-पांढरं किंवा ग्रेस्केल निवडू नका. अक्षरं पुसट झाली असतील तर रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे उघडून पाहा. लेप पिवळसर-तपकिरी होऊन उतरत असेल तर अक्षरं निळ्या चॅनलमध्ये जास्त उठतात. मग त्याच चॅनलचा कॉन्ट्रास्ट वाढवायचा. मूळ कागद साध्या कागदी लिफाफ्यात घालून लोखंडी कपाटात ठेवा. माळ्यावर नाही, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी.

आणखी एक. जाणती ऑफिसं फॅक्स आला की लगेच त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावत. ती झेरॉक्स ‘नुसती कॉपी’ म्हणून फेकू नका. टोनर कार्बनचा, तो टिकतो. मूळ फॅक्स कोरा झालेला आणि माहिती फक्त झेरॉक्समध्ये शिल्लक, असं सर्रास होतं.

चिकटा | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

साटीनच्या पासबद्दल. हे म्हणजे चिकट पाठीचं कापड. वर स्क्रीन प्रिंट, मागे सिलिकॉनचा लेप असलेला सोलून टाकायचा कागद. न वापरलेल्या पासचा मागचा कागद शाबूत असतो, पण डिंक म्हातारा झाला की कडांतून बाहेर येतो आणि गठ्ठ्यातले पास एकमेकांना धरतात. त्यांना जोर लावून सोलायला गेलात तर छपाई शेजाऱ्याच्या पाठीवर जाते. गठ्ठा झिपच्या पिशवीत घालून तास-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही). डिंक थंडीत कडक होतो. मग पिशवी न उघडता ती खोलीच्या तापमानाच्या जवळ येऊ द्या, नाहीतर पासवर दव धरेल. अजून जरा गार आहे असं वाटतं तेव्हाच पातळ, बोथट सुरीने कडेकडेने सोडवा.

मग प्रत्येक पासच्या मध्ये सिलिकॉनचा कागद. इथे फसगत होते. ‘बटर पेपर’ मागितला की दुकानात तीन वेगळ्या वस्तू मिळतात: ट्रेसिंगसारखा, मेणाचा, आणि बेकिंगचा. आपल्याला बेकिंगचा हवा. तपासायला त्याच्यावर सेलोटेप दाबून पाहा, टेप अलगद निसटली तर सिलिकॉन आहे. मेणाचा कागद अजिबात नको.

पास जॅकेटला किंवा वाद्याच्या पेटीला चिकटलेला असेल तर तिथेच राहू द्या. ती पेटी आणि तो पास मिळून एक वस्तू आहे.

नवा_गडी | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

धागा साठवून ठेवला आहे. एक शंका. लॅमिनेटवर सही आहे, बाजूला जुन्या स्टिकरचा चिकटा आहे. सॅनिटायझरने पुसला तर चालेल का? प्लास्टिकच आहे.

चिकटा | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:३१

थांबा! परमनंट मार्करची शाई अल्कोहोलमध्येच विरघळते. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल. एका फटक्यात चिकटा जाईल आणि सहीही जाईल. नेलपॉलिश रिमूव्हर तर प्लास्टिकच पांढुरकं करतो. चिकटा काढायला जुन्या सेलोटेपचा गोळा करून त्याने टिपत राहा, टेपच्या डिंकाला तो डिंक चिकटून येतो. पंधरा मिनिटांचं कंटाळवाणं काम आहे पण सही सुरक्षित. सहीच्या बोटभर अंतरात काही करूच नका.

लॅमिनेटच्या दोरीचं धातूचं हूक गंजतं आणि गंज प्लास्टिकवर उतरतो, तेव्हा दोरी काढून वेगळ्या पाकिटात, त्याच नंबरने. दोरी टाकू नका. कित्येकदा टूरचं नाव दोरीवरच विणलेलं असतं.

सव्वाचौसष्ट | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

सेटलिस्टवर दोन ओळी. ती स्टेजच्या लाकडाला गॅफर टेपने (स्टेजवर वापरतात ती कापडी चिकटपट्टी) चिकटवलेली असते. कागदावर टेपचे चार तुकडे, त्यावर बुटाचा ठसा, कधी पाण्याचा डाग. टेप काढू नका. ती सेटलिस्टचाच भाग आहे आणि ओढली तर कागदाचा वरचा थर घेऊन येते. टेपची चिकट बाजू कागदाबाहेर आली असेल तर तेवढ्यावर वर सांगितलेला सिलिकॉनचा कागद बेताने कापून लावा. इंकजेटवर छापलेली असेल तर ओला हातसुद्धा लावायचा नाही, त्यातल्या बऱ्याच शाया पाण्यात फुटतात. परमनंट मार्करची असेल तर पाण्याला घाबरत नाही पण उजेडाला घाबरते, फ्रेम करून खिडकीसमोर लावली की निळं आणि लाल आधी उडतं. भिंतीवर रंगीत प्रिंट लावा, मूळ अंधारात.

फ्रेम करायचीच असेल तर काच आणि कागद यांत माउंटबोर्डची चौकट हवी, कागद काचेला टेकला की पावसाळ्यात चिकटतो. बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, लावू नका. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते.

पर्वती_पायथा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:५५

सगळ्यांनी ओलाव्याचा उल्लेख केला, मोजला कोणीच नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या आसपास राहते. बुरशीला ६५-७० पुरेसे आहेत. कागद, फोटो, टेप या सगळ्यांना ४५ ते ५५ बरे. ३० च्या खाली नेलं तर फोटो वळतात आणि जुना डिंक तडकतो, तेव्हा ‘जितकं कोरडं तितकं चांगलं’ हेही खरं नाही.

डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. पाच-दहा टक्के चुकीचा आकडा दाखवणारे खूप असतात, म्हणून आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात पाणी थेंबाथेंबाने घाला, ओल्या वाळूसारखं झालं की थांबा. मीठ विरघळून पाणी होता कामा नये. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत, हवा ठेवून, घट्ट बंद. पंखा-उन्हापासून दूर आठ ते बारा तास. ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर पुढे त्याच्या आकड्यात ५ मिळवत जा. आकडा मीटरच्या पाठीवर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

डबा रबरी कड असलेला, पॉलिप्रॉपिलीनचा. ३० लिटरच्या डब्याला साधारण पाव किलो सिलिका जेल. नारिंगी घ्या. निळीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ती घरात नको. लोक म्हणतात दोन दिवसांत जेलचा रंग बदलला, म्हणजे डबा गळका. तसं नसतं. कागद स्वतः ओलावा धरून असतो, पहिल्या पंधरा दिवसांत जेल दोन-तीनदा तापवावं लागतं. ओटीजीमध्ये (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, ताटलीत पातळ पसरून. पुड्यांत शिवलेलं असेल तर आधी पुडीचं कापड किंवा कागद तेवढी उष्णता सोसतो का ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डबे कधी भरायचे. गणपतीत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, दुपारी दोन ते चार. त्या वेळची हवाच इतकी कोरडी असते की जेलचं निम्मं काम ती करते. ऑगस्टमध्ये डबा भरलात तर ऑगस्टच आत कोंडला जातो.

प्लायवूडच्या कपाटातल्या डिंकाच्या वाफा कागदाला चांगल्या नाहीत, जुनं लोखंडी कपाट उत्तम. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा.

पंचांग | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

आतापर्यंत वस्तू वाचवण्यावर बोलणं झालं. पण पासवर बहुधा साल छापलेलं नसतं. आणि ज्याच्या गळ्यात तो होता त्याची आठवण वीस वर्षांनी चांगलीच घसरलेली असते, मुंबईचा कार्यक्रम बेंगळुरूला जातो, एका बँडचं हॉटेल दुसऱ्याला चिकटतं. ताळा घ्यायच्या काही युक्त्या:

वार. पासवर मार्करने ‘शुक्र, १ फेब्रु’ लिहिलं असेल तर २००० ते २०१५ मध्ये १ फेब्रुवारीला शुक्रवार फक्त २००२, २००८ आणि २०१३ मध्ये आला. आयर्न मेडनचा वांद्रे-कुर्ला संकुलातला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ चा, म्हणजे जमलं. त्यांचा बेंगळुरूचा पॅलेस ग्राउंड्सचा कार्यक्रम १७ मार्च २००७, शनिवार. द पोलिस हा बँड मुंबईच्या रंगभवनात वाजला तो २६ मार्च १९८०, बुधवार. अशा पक्क्या तारखा आधी एका वहीत लिहून घ्या, मग आठवणी त्यांच्याभोवती लावा.

तारखेचा क्रम. अमेरिकी छपाईत महिना आधी, दिवस नंतर. रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये ४ एप्रिलला बेंगळुरूत आणि ७ एप्रिलला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजले. कागदावर ०४/०७ दिसलं की आपण बेधडक ४ जुलै वाचतो. ०४/०४ ला मात्र वाचायला दोन तऱ्हाच नाहीत, त्यामुळे एकाच आयटिनरीत दोन्ही असतील तर इतर पानांवर १२ च्या वरचा आकडा कोणत्या जागी येतो ते बघून क्रम ठरवा.

गाव आणि फोन. ‘बॉम्बे’ असेल तर १९९५ च्या आधीचं, असा सरधोपट नियम परदेशी छपाईला लागत नाही, ते पुढेही तसंच छापत राहिले. मराठी-इंग्रजी स्थानिक तिकिटाला मात्र बऱ्यापैकी लागतो. पुण्याच्या आयोजकाचा एसटीडी कोड ०२१२ असेल तर जुना, ०२० नंतरचा. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचं.

कर. तिकिटावर करमणूक कराचा आकडा किंवा शिक्का असेल तर बहुधा १ जुलै २०१७ आधीचं. जीएसटी असेल तर नक्कीच नंतरचं.

आणि तिकीट आहे म्हणून कार्यक्रम झाला असं धरू नका. मेटालिकाचा २८ ऑक्टोबर २०११ चा गुडगावचा कार्यक्रम झालाच नाही, दोन दिवसांनी ३० तारखेला बेंगळुरूचा झाला. टी-शर्टच्या पाठीवरची तारखांची यादीसुद्धा टूर सुरू होण्याआधी छापायला गेलेली असते. रद्द झालेली गावं तिच्यात तशीच राहतात.

गॅफरटेप | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

पंचांगराव, झकास. यात एकच भर घालतो: पास शीट. प्रत्येक दारावरच्या सुरक्षारक्षकाला त्या दिवशी चालणाऱ्या सगळ्या पासचे नमुने छापलेला कागद दिलेला असतो. कोणता पास स्टेजपर्यंत, कोणता फक्त प्रेसच्या जागेपर्यंत, आजचा रंग कोणता, आकार कोणता. दिसायला अगदी टुकार झेरॉक्स. पण तो एक कागद सापडला की उरलेल्या पन्नास पासचा अर्थ लागतो. पिवळा त्रिकोण म्हणजे फोटोग्राफर आणि तोही पहिल्या तीन गाण्यांपुरता, फ्लॅशशिवाय, हे पासवर लिहिलेलं नसतं, शीटवर असतं. ढीग उपसताना असे कागद ‘कचरा’ म्हणून आधी जातात.

दहापट | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

नकली मालाबद्दल कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. ऑनलाइन विकले जाणारे बरेच लॅमिनेट सरळ सरळ नव्याने छापलेले असतात. दहापट भिंग घ्या. जुन्या साटीनच्या पासवर स्क्रीन प्रिंटचा रंग सलग, भरीव दिसतो आणि कड विणीच्या धाग्यावर जरा दातेरी असते. सलग रंगाच्या जागी ठिपके-ठिपके दिसले तर डिजिटल छपाईची शंका घ्या आणि ऐंशीच्या दशकाचा दावा नीट तपासा.

यूव्ही टॉर्च मारून ‘कागद निळा चमकतो म्हणजे नवा’ असं सांगणारे व्हिडिओ आहेत. चमक आणणारी रसायनं कागदात १९५० च्या दशकापासून आहेत. १९८५ चा कागदही चमकतो. त्या टॉर्चवर रॉकच्या वस्तूंचा निकाल लागत नाही.

दुसरं, न वापरलेला पास खोटा नसतो. छापलेले सगळे वाटले जात नाहीत, प्रसिद्धीवाल्याकडे गठ्ठे उरतात. पण ‘खरा’ आणि ‘त्या रात्री वापरलेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापरलेल्याच्या पाठीला कपड्याचे धागे असतात, पुढे मार्करची तारीख असते. तेव्हा कृपा करून पाठ ‘स्वच्छ’ करू नका.

निगेटिव्हवाला | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

फोटो आणि स्लाइड. प्रेस किटमधल्या (पत्रकारांना द्यायच्या माहिती-फोटोंच्या संचातल्या) स्लाइड बहुतेक डुप्लिकेट असतात, मूळ फोटोग्राफरकडे. पण चौकटीवर नाव, कंपनी, कधी तारीख असते, म्हणून स्कॅन करताना चौकटीचाही फोटो घ्या. फिल्म स्कॅनरवर ३००० ते ४००० डीपीआय. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेडची सोय कोडाक्रोम या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मवर आणि चांदीच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर बंद ठेवा, ती चित्रालाच धूळ समजते.

बुरशी आलेली स्लाइड पाण्याने कधीही पुसू नका. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं करून ठेवलेलं असतं, चित्र कापसावर येतं. आधी आठवडाभर जेलच्या डब्यात वाळवा, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर, एकाच दिशेने, न दाबता. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच आहे. (चिकटाताईंनी अल्कोहोल नको म्हटलं ते सहीसाठी, इथे फिल्म आहे. गल्लत नको.)

आठ बाय दहाचे फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, गठ्ठा तसाच वाळवून जाणकाराकडे न्या. स्कॅन ६०० डीपीआयला केला तर ४८०० बाय ६००० पिक्सेल, टिफ साधारण ८६ एमबी. दोनशे फोटोंना १७ जीबी. हार्ड डिस्क दोन घ्या, दुसरी दुसऱ्या घरात.

डेसिबल | १४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

कॅसेट. मुलाखती, पत्रकार परिषदा, साउंडचेक. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, अशी कॅसेट डेकमध्ये घालायची नाही. हेडवरून ती पुढच्या दहा कॅसेटला लागते.

पहिलं काम, वरच्या कडेचे चिमुकले कान तोडणं. कॅसेटची जी बाजू आपल्याकडे, तिचा कान डावीकडचा. दोन्ही तोडा म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी रेकॉर्ड होत नाही. मग तळातल्या मधल्या खिडकीत फेल्टचा छोटा पॅड आहे का पाहा. त्याचा डिंक वाळून तो गळून पडलेला असतो, मग आवाज गुरगुरत, आत-बाहेर होत येतो आणि लोक समजतात टेप गेली. पाच स्क्रूची रिकामी कॅसेट घेऊन दोन्ही रिळं तिच्यात बसवली की काम झालं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी तसल्या कॅसेट किरकोळीत मिळतात. स्क्रू नसलेल्या, जोडून टाकलेल्या कॅसेटची कड पातळ पात्याने उघडावी लागते, टेपपासून जपून.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. आवाज बोदा येत असेल तर हेडच्या बाजूचा अझिमथचा (हेडचा कल ठरवणारा) स्क्रू पाव आट्याच्या आत हलवून ‘स’ आणि ‘श’ सगळ्यात स्वच्छ कुठे येतात ते ऐका. हे चांगल्या डेकवर करू नका, त्यासाठी दुसरा ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला सी-९० (नव्वद मिनिटांची कॅसेट) म्हणजे दीड जीबी. एमपी३ ऐकायला, वेव्ह ठेवायला.

टेप भाजून घ्यायची क्लृप्ती इंटरनेटवर वाचाल. ती ठरावीक काळातल्या काही ओपन रील (मोठ्या सुट्या रिळांच्या) टेपांसाठी आहे. कॅसेट ओव्हनमध्ये घालू नका.

सुतीसाडी | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

टी-शर्टची छपाई प्लॅस्टिसॉलची, म्हणजे तेही पीव्हीसीच. घडी केली की घडीवर तडकते आणि छपाईवर छपाई आली की उन्हाळ्यात चिकटते. घडी न करता गुंडाळी करा, छपाईवर जुन्या सुती साडीचा किंवा मलमलीचा तुकडा घालून. कापड दोनदा धुऊन खळ काढलेलं हवं, खळ म्हणजे कसरीचं जेवण. छपाईवरून इस्त्री नाही.

डांबराच्या गोळ्या या संग्रहात कुठेच नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, कॅसेटच्या डब्या तर विशेष. वेखंडाची किंवा सावलीत पूर्ण वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी बरी. ओला पाला घालणं म्हणजे ओलावा नेऊन देणं.

कात्रणांसाठी: वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणार, शेजारच्यालाही पाडणार. ती वेगळी ठेवा, मध्ये कॉटन रॅगचा (सुती चिंध्यांपासून केलेला) कागद घाला. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेकडचा पांढरा, साधा पाहा. फुलांच्या पाकळ्या घातलेला आणि रंगीत नको, रंग सुटतो. कात्रणाच्या मागे पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान. पुणे आवृत्ती की मुंबई हे न लिहिल्याने निम्मी कात्रणं बिनकामाची होतात. कोणी समासात ‘२४ कॉ. सेंमी’ असं लिहिलेलं असेल तर ते प्रसिद्धीवाल्याचं कॉलम-सेंटिमीटरचं मोजमाप आहे, खोडू नका.

फिकट_फॅक्स | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

संग्रहाचे फोटो टाकणाऱ्यांना: आयटिनरीत खोल्यांचे नंबर, फोन, टोपणनावाने केलेली बुकिंग असतात, पत्रकारांच्या यादीत घरचे पत्ते. झाकल्याशिवाय टाकू नका. प्रेस किटचा फोटो ‘प्रसिद्धीसाठी’ दिलेला असला तरी हक्क फोटोग्राफरचा किंवा कंपनीचा. आपल्या कायद्यात प्रसिद्ध झालेल्या फोटोचा हक्क ६० वर्षं, कलाकाराचा सादरीकरणावरचा ५० वर्षं. साउंडचेकची टेप जपा, अपलोड करू नका.

नवा_गडी | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:१८

प्रत्येक वस्तूमागे माहिती लिहायची तर कशाने? आणि काय काय?

पंचांग | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:००

पेन्सिल, २बी. बॉलपेन नाही, स्टिकर तर नाहीच. नंबर, बँड, टूर, गाव, जागा, तारीख, पास कोणाचा आणि कशाचा, आणि हे कशावरून कळलं: ‘छापलंय’, ‘पास शीटवरून’, ‘आठवणीतून’. हा शेवटचा रकाना सोडू नका. ज्याचा संग्रह आहे त्याच्याशी बोलायचं तर ‘त्या टूरबद्दल सांगा’ असं विचारण्यापेक्षा वस्तू हातात द्या आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. सुरुवातीला नंबर मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर कोणतं बोलणं कशाचं ते कळतं.

निगेटिव्हवाला | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:२६

दुरुस्ती: ग्लॉसी फोटोची पाठ प्लास्टिकची असते, २बी तिच्यावर उमटत नाही. मग माणूस जोर लावतो आणि अक्षरं पुढच्या बाजूने उठतात. फोटोच्या बाबतीत लिफाफ्यावर लिहा, आणि लिहून झाल्यावर फोटो आत घाला. फोटो आत असताना लिफाफ्यावर लिहिलं तरी तेच होतं.